बानाबाईच्या हातची मिश्री

पिशोरच्या बानाबाईचा सोनाजी औरंगाबादच्या विद्यापीठात शास्त्रज्ञ झाला. मेंढरांमागं वाढलेलं पोरगं कॅन्सरवर संशोधन करतं, हे बरीच वर्षं गावाच्या गळीच उतरत नव्हतं.

त्याचं काम तसं समजायला अवघड नाही. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडत असतात, आता वाढ, आता थांब. तंबाखू भाजून केलेली काळी मिश्री बायका रोज हिरड्यांना चोळतात, आणि हळूहळू तोंडातल्या पेशींना 'थांब' हा निरोप पोचेनासा होतो. तो नेमका कुठं अडतो, हे शोधण्यात सोनाजीची अठरा वर्षं गेली. काचेच्या बशीत पेशी वाढवायच्या, दर दोन दिवसांनी त्यांचं खाणंपिणं बदलायचं आणि त्यांना मिश्रीचा अर्क पाजायचा. पेशींना ना दिवाळी कळते, ना लग्नकार्य. त्यामुळं यालाही कळेनासं झालं.

बाजारातली मिश्री पुडीगणिक वेगळी, आकडे काही जुळेनात. त्याचे मार्गदर्शक सर म्हणाले, एकाच हातची, एकाच तव्यावरची आण. सोनाजीला दुसरा हात कुठला ठाऊक असणार? त्यानं पिशोरची एसटी धरली. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी बानाबाई तंबाखू भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून बरणी भरायची. आळीत सांगायची, "माझ्या हातच्याबिगर त्याचं यंत्रच चालत नाय."

पहिल्याच वर्षी बशीतल्या पेशींची गत बघून सोनाजी हादरला. त्यानं आईला बिरोबाची आण घातली, "माय, आजपासून तोंडाला मिश्री लावायची नाय." तीस वर्षांची सवय, पण त्या बाईनं दुसऱ्या दिवसापासून सोडली. आठ दिवस डोकं धरून पडून राहिली, तरी लावली नाही. सोनाजी निर्धास्त झाला. बरणी मात्र येत राहिली, आणि यात काही वावगं आहे असं एवढ्या शिकलेल्या माणसाला एकदाही वाटलं नाही.

अठराव्या वर्षी शिमग्याला ती शहरात आली, तर तिला घास चावेना. सोनाजीनं तोंड उघडायला लावलं. खालच्या हिरडीपासून जिभेपर्यंत जखम पसरली होती. असल्या जखमांचे फोटो तो व्याख्यानांत दाखवायचा.

"कवापासून?"

"आखाडापासून आसंल."

आठ महिने! दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, मिश्री अजून लावता का. "कवामवा," ती म्हणाली. सोनाजीचा तोल सुटला. "बिरोबाची आण मोडलीस! मी जगाला शहाणपण सांगत हिंडतो, आन् माझीच माय आशी!" भर वॉर्डात तो ओरडला. पुढं दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं त्याला जवळ बसवलं. जीभ काढावी लागणार, नंतर बोलता येणार नाही, हे तिला सांगितलेलं होतं.

"सोना, पुढच्या खेपंची मिश्री आता सरूबाईला भाजू दे." सरूबाई म्हणजे त्याची बायको. "जाळ बारीक ठेव म्हनावं. आन् नुस्त्या रंगावरनं कळत नाय. हिरडीला लावून बघायचं. कच्ची आसली की चुरचुरती, मंग आजून भाजायची. मी दर खेपंला तसंच केलं. येक बरणी तुला कच्ची दिली नाय."

"मंग दुखत व्हतं तर सांगितलं का नाय, माय?"

"तू मिश्री बंद केली आसती. तुझं काम आडलं आसतं लेका."

तिच्या पायांवर डोकं ठेवून तो हमसून हमसून रडला. आधीची तीस वर्षं की नंतरच्या छत्तीस बरण्या, घात कशानं झाला हे कुठलंच यंत्र सांगू शकत नव्हतं. एवढं त्याच्या शास्त्रानं त्याला शिकवलं होतं, आणि आज त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

रडण्याच्या भरात माफी मागायची राहून गेली. ती मागितली ऑपरेशननंतर, रोज मागितली, सात महिने, माय जाईपर्यंत. बानाबाई त्याच्याकडं बघून हात हलवायची. तो हात 'जाऊ दे' म्हणत होता की 'माझ्यासमोरून जा' म्हणत होता, हे त्याला कधीच कळलं नाही.