मुकादम कोणाच्या गाठोड्यावर बसला

जिन्याखालच्या त्या खोलीत दोन माणसं धड उभी राहू शकत नाहीत, पण इस्त्रीवाल्या काकूंनी तिथे एकवीस वर्षं चाळीस घरांचे कपडे सांभाळले. एका भिंतीला लांब टेबल, त्यावर जुनी गादी आणि जागोजागी करपलेली चादर. दुसऱ्या भिंतीला वाफेचं प्रेस मशीन, काकांनी हप्त्यांवर घेतलेलं. आणि टेबलाखाली मुकादम.

मुकादम म्हणजे कुत्रा. धड तपकिरी नाही, धड काळा नाही, एक कान उभा आणि दुसरा कायमचा पडलेला. स्वतः काडीचं काम करायचा नाही, पण दिवसभर टेबलाखालून सगळ्यांच्या कामावर नजर. काकांनीच नाव ठेवलं, आणि ते इतकं फिट्ट बसलं की गिऱ्हाइकंसुद्धा आल्याआल्या विचारायची, "काय मुकादम, कपडे झाले का?"

काकूंना लिहिण्या-वाचण्याचा कंटाळा. त्यांनी प्रत्येक घराला एक रंग दिला होता. कपडे आले की एका हाताने मोजायचे आणि दुसऱ्या हाताने कोपऱ्यात त्या रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके घालायचे. बघावंसुद्धा लागायचं नाही. गप्पा मारता मारता, फोन खांद्याला दाबून, लेकीशी भांडता भांडता हात आपला कोपरा शोधायचा आणि सुई चालायची. एकवीस वर्षांत कोणाचा रुमालही इकडचा तिकडे गेला नाही, आणि हे काकू स्वतःच सांगायच्या, कोणी विचारो न विचारो. घरच्या कपड्यांना मात्र दोरा नाही. घरचं ते घरचं, त्याला खूण कशाला?

आता जे सांगायचंय ते जरा वेगळं आहे. पटलं तर घ्या.

कपड्यांवर बसायची मुकादमाला सक्त मनाई होती, आणि तो कधी बसायचाही नाही. तीनदा बसला. पहिल्यांदा काकांच्या फ्लॅनेलच्या शर्टावर, तपकिरी चौकड्यांचा होता तो. आणि कसा बसला? कुत्रं झोपतं तसं दोन गिरक्या घेऊन, शेपटीत नाक खुपसून नाही. सरळ. पुढचे पाय जोडलेले, त्यावर हनुवटी, डोळे सताड उघडे. काकू ओरडल्या, "ऊठ मेल्या, आत्ता घडी केली होती!" त्याचा कानही हलला नाही. आठव्या दिवशी काका याच मशीनसमोर उभ्या उभ्या गेले, हातात कोणाच्या तरी शर्टाची बाही तशीच.

दुसऱ्यांदा चौथ्या मजल्यावरच्या मास्तरांच्या गाठोड्यावर, निळा दोरा. मास्तर पाचव्या दिवशी गेले. मास्तर म्हातारे होते, ठीक आहे. पण तिसऱ्यांदा बसड्रायव्हरच्या गणवेशावर बसला, लाल दोरा, आणि तो माणूस चांगला धडधाकट, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा. सहा दिवस. तेव्हापासून काकूंनी "मेल्या" म्हणणं सोडलं आणि सगळी गाठोडी वर फळीवर ठेवायला सुरुवात केली. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, कुत्र्याला कसलं कळतंय? तू झोप पुरेशी घे."

काकांचा तो शर्ट काकूंना कोणाला देववेना आणि टाकवेना. शेवटी उसवून, चारी बाजू दुमडून शिवला आणि मुकादमाला अंथरायला दिला. त्यावर तो रोज झोपायचा, पण अगदी साध्या कुत्र्यासारखा. दोन गिरक्या, शेपटीत नाक, वर घोरणं.

हे सगळं ठीक चाललं होतं. मग मुकादमाने खाणं सोडलं.

जनावरांचा दवाखाना हे काय प्रकरण असतं ते ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं. आधी वजन विचारतात. मग रक्त, मग फोटो, मग सलाईन, आणि प्रत्येक गोष्टीचा वेगळा कागद. त्या हिरव्या भिंतींच्या खोलीत मुकादम एक रात्र पिंजऱ्यात राहिला आणि शनिवारी काकू त्याला घरी आणायला गेल्या, तेव्हा काउंटरवरच्या बाईने जे बिल पुढे केलं ते पाहून त्यांना खुर्ची शोधावी लागली. जवळचं होतं नव्हतं ते त्या एका कागदात गेलं.

"पोटात गाठ आहे, काकू," डॉक्टर म्हणाले. वयाने लेकीएवढेच असतील, पण डोळ्यांखाली म्हाताऱ्यासारखी काळी वर्तुळं. "ऑपरेशन करायचं तर शुक्रवारी करू. सर्जन बाहेरून येतात, त्यांचे पैसे आधी भरावे लागतात. तेवढं माझ्या हातात नाही."

त्यांनी आकडा सांगितला. काकूंची चार महिन्यांची कमाई.

"आणि नाही केलं तर?"

"तर फार दिवस नाहीत."

"आणि केलं तर बरा होईल?"

डॉक्टर पेनचं टोपण काढत-लावत राहिले. "प्रयत्न करू."

आता काकू काही हात पसरणाऱ्यातल्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "तुमच्या दवाखान्याचे कोट, चादरी, टॉवेल सगळे माझ्याकडे पाठवा. धुऊन पाठवा, इस्त्री मी करते. जन्मभर करते. त्यात औषधांचं तरी भागवून घ्या." डॉक्टर नको नको म्हणाले, मग हो म्हणाले. ऑपरेशनचे पैसे मात्र उरलेच. आणि घरात विकण्याजोगी वस्तू एकच होती, काकांचं प्रेस मशीन. नाक्यावरचा लाँड्रीवाला कधीपासून टपलेलाच होता. गुरुवारी चारला पैसे घेऊन येतो म्हणाला.

मंगळवारी सकाळी दवाखान्याचं पहिलं गाठोडं आलं. त्यांना हिरवा दोरा. सोबतच्या चिठ्ठीवर सोळा नग लिहिले होते, काकूंच्या हाताला सतरा लागले. काउंटरवरच्या बाईला मोजताही येत नाही, असं म्हणून त्यांनी तोंड वाकडं केलं. खांद्याला फोन दाबलेला होता आणि पलीकडे लेक कडाडत होती.

"आई, मशीन विकून खाणार काय तू? कुत्र्यासाठी?"

"कुत्र्यासाठी नाही. मुकादमासाठी."

"त्याचं वय झालंय!"

"माझंही झालंय, मग मलाही सोडून देशील?"

असं सतरा कपड्यांभर भांडण झालं, सुई आपली चालत राहिली, आणि शेवटी काकूंनी गाठोड्याची गाठ आवळली आणि त्याच झटक्यात फोनही बंद केला. रागाच्या भरात गाठोडं फळीवर ठेवायचं राहिलं.

दुपारी त्या पाणी प्यायला वळल्या आणि मागे नखांचा आवाज झाला. मुकादम दोन दिवस जागचा हलला नव्हता, पाणीसुद्धा चमच्याने पाजावं लागत होतं. तो उठून उभा होता. पाय लटपटत होते. टेबलाखालून तो बाहेर आला, काकूंकडे बघितलं नाही, आणि दवाखान्याच्या गाठोड्यावर जाऊन बसला. सरळ. पुढचे पाय जोडले, हनुवटी टेकली, डोळे उघडे.

 काकूंच्या हातातला पेला तसाच राहिला. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, आणि त्या खोलीत काकूंना थंडी वाजली.

कोट डॉक्टरांचे होते.

आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मनात पहिला विचार आला तो डॉक्टरांचा नव्हताच. पहिला विचार आला, हे गेले तर माझ्या मुकादमाचं कोण करणार? मग त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या तशाच चपला घालून निघाल्या.

दवाखान्यात त्यांनी आधी हवापाण्याचं विचारलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही एकदा छातीचं तपासून घ्या."

"माझं? का हो?"

"तब्येत उतरलीय तुमची."

डॉक्टर हसले. काकू हसल्या नाहीत. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि शर्टाचं, मास्तरांचं, ड्रायव्हरचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर आधी हसत होते, मग ऐकत राहिले.

"कुत्र्यांना वास येतो काही आजारांचा," शेवटी ते म्हणाले. "तसं असेल."

"असेल. म्हणूनच म्हणते, तपासा."

बुधवारी दुपारी त्यांचा फोन आला. आवाजात चेष्टा होती, पण जरा उसनी. "काकू, रक्त झालं, ईसीजीची पट्टी काढून झाली, डॉक्टरनेच डॉक्टरची फी भरली. काही नाही मला. ठणठणीत आहे."

"बसड्रायव्हरही ठणठणीत होता," काकू बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

मुकादम अजून तिथेच होता. मंगळवारची रात्र तिथेच, बुधवारचा दिवस तिथेच. काकूंनी त्याला उचलून टेबलाखाली ठेवलं तर तो सरपटत परत गेला. त्या गाठोड्याला हात लावायची काकूंची छाती होईना. बाकीच्या घरांचे कपडे पडून राहिले, गिऱ्हाइकं दारातून बघून परत गेली. मुकादमाचे उघडे डोळे बघत त्या स्टुलावर बसून राहिल्या आणि एकदा तर हात जोडून म्हणाल्या, "अरे बाबा, ऊठ की. त्या पोराने तुझं काय वाकडं केलंय?"

गुरुवारी दुपारी काउंटरवरच्या बाईचा निरोप आला, कोट संपले, होतील तेवढे तरी द्या. लाँड्रीवाला चारला येणार होता. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते. काकू उठल्या. आता जे व्हायचं ते होवो, असं पुटपुटत त्यांनी मुकादमाला अलगद उचललं. काही वजनच उरलं नव्हतं त्याला. बाजूला ठेवला आणि गाठ सोडली.

एकेक कपडा त्या काढून त्याच्यासमोर धरू लागल्या. पहिला कोट. मुकादमाने ढुंकून पाहिलं नाही. दुसरा, तिसरा, सहाही कोट झाले. त्याची नजर गाठोड्यावरच. चादरी निघाल्या, त्याचं लक्ष नाही. टॉवेल निघाले, नाही. मनातल्या मनात काकू मोजत होत्या. सोळा झाले.

तळाशी एक राहिला होता.

तपकिरी चौकड्या होत्या त्यावर. स्वच्छ धुतलेल्या, चारी बाजू दुमडून शिवलेल्या, काकूंच्याच हातच्या टाक्यांनी. आणि कोपऱ्यात हिरवा दोरा, तोही काकूंच्याच हातचा.

मुकादमाच्या अंगाखाली घालून नेलेला तो तुकडा शनिवारी बिलाच्या धक्क्यात दवाखान्याच्या पिंजऱ्यातच राहिला होता. घरी आल्यावर त्यांनी मुकादमाला दुसरी चादर घातली होती आणि या तुकड्याची त्यांना आठवणही झाली नव्हती. तिथे तो सगळ्यांबरोबर धुतला गेला आणि सगळ्यांबरोबर इथे आला. बाईची मोजणी बरोबर होती. चूक काकूंच्या हाताची होती, एकवीस वर्षांतली पहिली. लेकीशी भांडता भांडता त्या हाताने नवऱ्याचा शर्ट ओळखला नाही, दोन टाके घालून दुसऱ्याचा करून टाकला.

मुकादम सरपटत आला आणि त्या तुकड्यावर बसला. सरळ, पाय जोडून. या खेपेला मात्र त्याने काकूंकडे पाहिलं.

कोणी म्हणेल, स्वतःचा वास आला म्हणून बसला. म्हणा बापडे. पण त्याच तुकड्यावर वर्षानुवर्षं तो गोल होऊन घोरत झोपलेला काकूंनी रोज पाहिला होता. असा पाहिला होता एकदाच, काका जायच्या आठ दिवस आधी.

"म्हणजे तू होय रे," काकू म्हणाल्या. "तू तुझंच सांगत होतास, आणि मी त्या पोराला धास्तावून सोडलं." आणि त्या जमिनीवर बसून हमसून हमसून रडल्या. काका गेले तेव्हा इतक्या रडल्या नव्हत्या, तेव्हा घर लोकांनी भरलेलं होतं.

चारच्या ठोक्याला लाँड्रीवाला आला. मशीनवर हात फिरवू लागला.

"विकायचं नाही," काकू म्हणाल्या.

"अहो, ठरलं होतं आपलं!"

"ठरलं होतं. आता नाही. हात काढा त्याच्यावरचा."

मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. उद्याचं ऑपरेशन करायचं नाही, फक्त दुखू नये असं काहीतरी द्या, म्हणाल्या. 

"काकू, मलाही फारशी आशा नव्हती," डॉक्टर म्हणाले. "तुमच्यासमोर तोंडातून निघेना. मीच येतो संध्याकाळी इंजेक्शन घेऊन. कोटही नेतो." मग जरा अडखळून, "कोटांवर नव्हता ना बसला?"

"नाही. तुम्ही खुशाल शंभर वर्षं जगा."

फोन ठेवून काकूंनी मशीन तापवलं. मुकादमाला मांडीवर घेतलं, तो तुकडा ओढून काढला आणि कोपऱ्यातला हिरवा दोरा दातांनी तोडला. दोन्ही टाके उसवले, दोऱ्याचे बारीकसारीक तुकडेही नखांनी वेचून काढले. मग काकांच्या मशीनवर तो शर्ट असा दाबला की एक चुणी राहिली नाही. गरम गरम तसाच टेबलाखाली अंथरला, रोजच्या जागी.

"घे. घरचा आहे हा."

मुकादम उभा राहिला. कसाबसा. त्याने एक गिरकी घेतली, मध्येच पडता पडता सावरला, दुसरी घेतली, आणि मग गोल होऊन शेपटीत नाक खुपसलं. तीन दिवस उघडे असलेले डोळे मिटले. थोड्या वेळाने तो घोरायला लागला.

डॉक्टर आले तेव्हा काकूंनी तोंडावर बोट ठेवलं आणि त्यांना स्टूल दिलं. इंजेक्शन पिशवीतच राहिलं. मुकादमाचं घोरणं ऐकत डॉक्टर तिथे बसून होते, आणि काकू त्यांच्या कोटांना एकेक करून इस्त्री करत होत्या. सहावा कोट होत आला तेव्हा खोलीत मशीनच्या वाफेचाच काय तो आवाज उरला होता. काकूंनी आधी त्या कोटाची घडी पुरी केली, मग खाली वाकून पाहिलं.