खोडलेलं वाचता आलं पाहिजे

अंबादास खानझोडे निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण ती बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोहोचली नव्हती. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात ते कारकून म्हणून चिकटले आणि अवर सचिव होऊन बाहेर पडले. मधल्या काळात देशाचं नेमकं काय भलं केलं, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण फाईलवर खाडाखोड मात्र त्यांनी कधी खपवून घेतली नाही. व्हाइटनरची बाटली दिसली की त्यांचं माथं भडकायचं. चुकलं तर एक सरळ रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही करा, तारीख घाला. एका अधिकाऱ्यानं एकदा नोंदीवर पांढरं फासून वर नवं मत लिहिलं, तर यांनी ते नखानं खरवडलं आणि खाली सापडलेलं जुनं मत थेट साहेबांपुढे ठेवलं. त्या अधिकाऱ्याला पुढे बढती मिळाली, पण गोष्ट सांगताना अंबादासराव तिथपर्यंत कधी जात नसत.

आता मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये फाईल कुठून आणायची? दूधवाल्याच्या हिशेबावर शेरे मारून झाले, सोसायटीच्या सूचनाफलकातल्या चुका काढून झाल्या. शेवटी देवानं नाही, तर केतननं दया केली. केतन नोएडात सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता. व्हॉट्सअ‍ॅपवर शुभ सकाळच्या गुलाबांखाली कामाचं बोलणं गाडलं जातं, म्हणून त्यानं दिल्लीतल्या मराठी मंडळींसाठी एक संकेतस्थळ काढलं होतं, ‘यमुनाकाठचा कट्टा’. कुणीही विषय काढावा, बाकीच्यांनी खाली उत्तरं द्यावीत. कट्टा काढायची केतनला हौस होती, त्यावरची भांडणं मिटवायची नव्हती. त्यानं अंबादासकाकांना संचालक करून टाकलं आणि सुटकेचा श्वास सोडला. काका दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून संगणकापुढे बसले.

पहिलं प्रकरण चकलीचं. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या स्वरूपानं दिवाळीच्या तोंडावर कट्ट्यावर कृती टाकली. त्यात तेलाचं मोहन चमच्याऐवजी वाटीनं पडलं. ती वाचून कितीतरी घरांत चकल्या कढईत सोडल्या गेल्या आणि परत आल्याच नाहीत. तेलात विरघळून गेल्या. बायकांनी खाली तक्रारी लिहिल्या. स्वरूपानं वर जाऊन गुपचूप वाटीचा चमचा केला. झालं! आता वर कृती अगदी बरोबर आणि खाली ज्यांच्या चकल्या विरघळल्या त्या सगळ्या फूहड, वेंधळ्या ठरल्या. एकीच्या सासूनं तर वरची कृती मोठ्यानं वाचून दाखवली आणि विचारलं, “यात चुकण्यासारखं काय आहे गं?” अंबादासरावांनी चौकशी केली, वाटी पुन्हा जागेवर आणून बसवली आणि वर शेरा मारला, ‘मूळ चूक कायम ठेवण्यात येत आहे.’ स्वरूपानं त्यानंतर त्यांना ‘काका’ म्हणणं सोडून ‘सर’ म्हणायला सुरुवात केली. त्यातला विखार त्यांच्या लक्षात आला नाही.

दुसरं प्रकरण मात्र त्यांच्या अंगावर आलं. अंबादासरावांच्याच सोसायटीतले बळवंतराव हे निवृत्तीनंतर उपद्रव हाच छंद धरलेले गृहस्थ. त्यांनी कट्ट्यावर विचारलं, ‘गणपतीत खिरापतीला खोबऱ्याच्या वड्या ठेवाव्यात का?’ खोबऱ्याच्या वडीला कोण नाही म्हणणार? भराभर अनुमोदनं पडली. मग बळवंतरावांनी वरचा प्रश्न तेवढा बदलला, ‘यंदा अंबादासरावांचं प्रास्ताविक भाषण रद्द करावं का?’ त्याखाली सगळ्या पूर्व दिल्लीचा होकार. त्यात स्वतः अंबादासरावांचा: ‘पूर्ण अनुमोदन. ही मागणी जुनीच आहे.’ आणि त्यांच्या पत्नीचा, कौशल्याबाईंचा: ‘बिल्कुल. मी कधीची म्हणतेय.’

“तू वड्यांबद्दल लिहिलं होतंस ना?” त्यांनी घरात विचारलं.

“दोन्हीबद्दल चालेल,” कौशल्याबाई म्हणाल्या.

त्या रागात अंबादासरावांनी कट्ट्याचे नियम लिहून काढले. एरवी त्यांच्या लिखाणात शब्द फार आणि अर्थ बेताचा, पण हे नियम खरोखर चांगले होते, हे त्यांच्या शत्रूंनीही मान्य करावं. उत्तर येण्याआधी आपलं लिखाण हवं तेवढं बदला, तुमचं तुम्ही मालक. एकदा का कुणी उत्तर दिलं, की ते लिखाण तुमच्या एकट्याचं राहिलं नाही. त्याच्या भरवशावर दुसरा काहीतरी बोलून बसलाय. मग चूक सुधारायची तर जुन्यावर रेघ मारायची, खोडलेलं वाचता आलं पाहिजे, खाली नवं लिहायचं, नाव आणि तारीख घालायची. आणि भरात येऊन त्यांनी शेवटी ठळक अक्षरांत घातलं, ‘संचालकालाही हाच नियम लागू राहील.’ केतन म्हणाला, “काका, हे शेवटचं कशाला? तुम्ही अ‍ॅडमिन आहात यार.” काका म्हणाले, “तत्त्व आहे.”

तत्त्व त्यांना लगेच भोवलं. स्वरूपानंच विषय काढला होता, ‘दिल्लीत पहिलं पाऊल’. लोक आपापल्या आठवणी लिहीत होते. अंबादासरावांना राहवेना. शनिवारी चहा घेता घेता त्यांनी लिहिलं, ‘सन ८७. खिशात नेमणुकीचं पत्र, पाठीशी कुणी नाही. मी एकटा नवी दिल्ली स्थानकावर उतरलो. करोल बागेत गच्चीवरची एक खोली, बरसाती, शोधली आणि एकट्यानं शून्यातून संसार उभा केला.’ लिहून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचलं, आणि आपल्याच हालांनी त्यांचे डोळे पाणावले.

रविवारी सकाळी पहिलं उत्तर बळवंतरावांचं आलं, ‘एकट्याचा संसार कसा असतो, तपशील द्यावा.’ दुसरं उत्तर स्वयंपाकघरातून आलं. म्हणजे आलं कट्ट्यावरच, पण कांदा चिरता चिरता एका बोटानं टाइप केलेलं.

‘अहो संचालक, त्या बरसातीत तुमच्याबरोबर एक बाई राहायची. लग्नाला महिना झाला होता. अकोल्याच्या शाळेतली गणिताची कायम नोकरी सोडून आली होती. रॉकेलच्या रांगेत तीच उभी राहायची, हिंदी येत नसताना. शिकवण्या घेऊन घरभाड्याला हातभार तीच लावायची. तिला ओळखता का तुम्ही? का सामानात आली होती?’

पोहे तयार होईपर्यंत त्या उत्तराला कट्ट्याच्या इतिहासात कुणाला मिळाली नव्हती इतकी पसंती मिळाली. बायकांनी तर रांग लावली. हिंदूराव रुग्णालयाच्या मागे राहणाऱ्या एका आजींनी, ज्यांनी आजवर कट्ट्यावर एक अक्षर लिहिलं नव्हतं, तीन हसरे चेहरे टाकले. आणि स्वरूपानं अगदी साखरेत घोळवून विचारलं, ‘सर, नियम आठवतो ना?’

कौशल्याबाईंनी पोहे पुढे ठेवले. वर खोबरं, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. भांडण नाही, आदळआपट नाही. अंबादासराव काहीही बोलले की त्या “हो का? बरं,” म्हणत होत्या. एवढ्या वर्षांच्या संसारात या ‘बरं’इतकी त्यांना कशाचीच भीती वाटली नव्हती. कौशल्याबाई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या आणि यांनी केतनला फोन लावला.

“समजा, एखादं जुनं लिखाण मी आतून बदललं, तर कळतं का कुणाला?”

“अ‍ॅडमिननं बदललं तर बिल्कुल ट्रेस राहत नाही काका. पण काकूंचं उत्तर?”

“ते वाचलंस तू?”

“काका, माझ्या ऑफिसात फिरतंय ते.”

त्यांनी फोन ठेवला आणि बदलाची चौकट उघडली. ‘मी एकटा’च्या जागी ‘आम्ही दोघं’. एवढंच तर. आता कुठे खोटं राहिलं? उलट खरं झालं! समाधानानं त्यांनी वरून खाली वाचत नेलं. वर नवरा म्हणतोय, आम्ही दोघं उतरलो, आम्ही दोघांनी संसार उभा केला. आणि लगेच खाली बायको फणकारतेय, ओळखता का तिला? उद्या कुणी नवखा वाचेल आणि म्हणेल, काय कजाग बाई आहे, नवरा बिचारा इतकं चांगलं बोलतोय. चकल्या विरघळलेल्या बायकांची जी गत झाली होती, तीच कौशल्याची. मग त्यांच्या मनात आलं, उत्तरही काढून टाकता येईल. एक बटण तर दाबायचं. बोट तिथवर गेलंसुद्धा. आणि मग त्यांना स्वतःची अशी लाज वाटली, की कानांच्या पाळ्या गरम झाल्या. एकदा तिला गाळून झालं होतं, आता गाळल्याबद्दल ती बोलली तर तेही गाळायचं! त्यांनी बदल जतन न करता चौकट बंद केली.

खरी बोच वेगळीच होती. ते खोटं बोलले नव्हते. शनिवारी लिहिताना त्यांना खरोखरच एकटाच माणूस दिसला होता, स्टेशनवर उभा, तरुण, शूर. शेजारी उभ्या असलेल्या बाईवर पांढरं कधी फासलं गेलं, त्यांना कळलंच नव्हतं.

कौशल्याबाई रिकामी बादली घेऊन आल्या तेव्हा अंबादासराव ‘मी एकटा’वर रेघ मारत होते. खाली त्यांनी लिहिलं, ‘वरील मजकूर वस्तुस्थितीस धरून नाही. सदर कालावधीत सौ. कौशल्या यांचे मोलाचे सहकार्य लाभले.’ नाव, तारीख. मग ते उठले आणि “बघ,” म्हणाले.

“सहकार्य?” कौशल्याबाईंनी बादली खाली ठेवली. “लाभले? गॅस एजन्सीचं सहकार्य लाभतं, अहो. मी तुमची कोण, जिल्हा प्रशासन?”

नियम म्हणजे नियम. त्यावरही रेघ. आता सगळा कट्टा जागा झाला होता. एकेक ओळ खोडली जाताना लोक थेट बघत होते. बळवंतरावांनी मध्येच टाकलं, ‘फाईल वर गेली की खाली आली?’ अंबादासरावांनी दात-ओठ खात पुढची ओळ लिहिली, ‘आम्ही उभयतांनी मोठ्या कष्टानं व प्रेमानं संसार उभा केला.’

“आता निमंत्रणपत्रिका लिहायला बसलात,” कौशल्याबाई मागून म्हणाल्या.

“मग लिहू तरी काय?”

“जे झालं ते लिहा ना. एवढं अवघड आहे?”

ते अवघड होतं. हयातभर त्यांनी ‘सादर’, ‘अवलोकनार्थ’ आणि ‘आदेशार्थ’ लिहिलं होतं. जे झालं ते लिहायची वेळ आली नव्हती. त्या ओळीवर त्यांनी तिसरी रेघ मारली. मग त्यांनी लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर शोधत.

‘कौशल्या माझ्याबरोबर होती. तिची नोकरी कायम झालेली होती, माझी व्हायची होती. तरी नोकरी तिनं सोडली. सोडशील का, असं मी तिला विचारलं नव्हतं. तिकिटं काढून घरी आलो आणि तिला तारीख सांगितली. — अंबादास.’

या वेळी “बघ” म्हणायचा त्यांना धीर झाला नाही. त्या मागे उभ्या होत्या, त्यांनी वाचलं होतं. अंबादासरावांना वाटलं, हेही खोडावं लागणार.

“विचारलं असतंत, तरी मी आलेच असते,” त्या म्हणाल्या. “पण विचारायला हवं होतं तुम्ही.”

“हो.” त्यांनी पुन्हा कीबोर्डवर बोट ठेवलं. “हे पण लिहू का?”

कौशल्याबाईंनी पदरानं नाक पुसलं.

“ते माझं उत्तर आहे. मी लिहीन,” त्या म्हणाल्या. “उठा जरा.”

अंबादासराव खुर्चीवरून उठले आणि बाजूला उभे राहिले.