दुसऱ्या चिमट्याचा आकडा

अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणजे काय, ते मला विचारा. मी झाले होते, तेही आपल्याच गावात, आपल्याच बापासमोर.

आमचं गाव शिरड शहापूरच्या बाजूला. सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी येतं, त्यामुळे शिवारात हळदच हळद. उन्हाळ्यात हळद शिजवून खळ्यावर पसरतात आणि ती वाळली की पॉलिशच्या ड्रममध्ये घालतात. पण वाळली हे ठरवायचं कोणी? आमच्या गावात बापू ठरवायचे. बापू म्हणजे माझे वडील. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, तळातलं एक हळकुंड काढायचे, कानाजवळ नेऊन मोडायचे. खण्णकन आवाज आला की म्हणायचे, "झाली. घाला ड्रमात." आवाज दबका आला की नुसती मान हलवायचे. कळमनुरीच्या बाजूचे पाहुणेसुद्धा खास गाडी करून त्यांना न्यायला यायचे. त्याचं त्यांनी कोणाकडून काही घेतलं नाही. चहा मात्र गोड लागायचा.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि पुण्यात एका लहान कंपनीत लागले. तिथं धान्याचा, मसाल्याचा ओलावा मोजायचं मशीन करायचं होतं. हळदीच्या घरची पोरगी म्हणून सर्किट माझ्याकडं आलं. मशीनला दोन चिमटे. त्यात हळकुंड धरायचं, आणि त्यातून वीज किती जाते त्यावरून ओलावा कळतो. ओल्यातून भरपूर जाते, वाळलेल्यातून जेमतेम झिरपते. चिप एकच. ती आधी पहिला चिमटा वाचते, मग दुसरा.

अशा झिरपणाऱ्या विजेला चिपच्या तोंडाशी एक बफर लावावा लागतो. नखाएवढा भाग, क्षीण विजेला जोर देणारा. पण साहेबांची घाई म्हणजे पी हळद अन् हो गोरी. "बोर्ड लहान कर, प्रदर्शन आलंय." मी बफर काढला. साहेबांनी बोर्ड लहान कर म्हटलं होतं, बफर काढ असं काही म्हटलं नव्हतं. ते माझंच डोकं. टेबलावर हळकुंडाच्या जागी ड्रॉवरमधले साधे रेझिस्टर लावले; त्यांतून वीज भरपूर जाते, आकडे अगदी चोख आले. घरी पोत्यानं हळद, आणि हिनं हळद न लावताच हळदीचं मशीन तपासलं! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

चैत्रात मशीन घेऊन गावी गेले. शेजारच्या काकांच्या खळ्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. बापूंनी नुकतंच हळकुंड मोडून "झाली" म्हटलं होतं. मी म्हटलं, थांबा, मशीन लावू. फरक दिसावा म्हणून पहिल्या चिमट्यात कालच शिजवलेलं ओलं हळकुंड धरलं आणि दुसऱ्यात बापूंनी पास केलेल्या ढिगातलं. ओल्याचा आकडा मोठा आला. दुसऱ्याचा त्याहून कमी, पण वाळलेल्या हळदीला दहा टक्के यायला हवा तिथं अठरा.

"वल्ली हाय व्हय?" काकांनी विचारलं.

"ओलीच आहे काका. अजून आठ दिवस तरी वाळवा."

बापूंनी दुसरं हळकुंड मोडलं. खण्णकन वाजलं. "ऐक की माय," ते म्हणाले. "वल्लं असं वाजतं का?"

आणि मी, शिकलेली, पुण्याहून आलेली, सगळ्यांसमोर बोलले, "बापू, कान चुकतो. आकडा चुकत नाही."

कोणीतरी हसलं. "म्हातारपणी कान गेले बापूचे," एकजण म्हणाला, आणि मग सगळेच हसले. मीही हसले. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

काकांनी आठ दिवस वाळवली. उन्हानं रंग उतरला, तरी काका गावभर सांगत सुटले की मशीननं वाचवलं. त्यानंतर बापूंना कोणी बोलावलं नाही. पाहुण्यांची गाडीही आली नाही.

मला कळलं ते पावसाळ्यात, पुण्याला. आईनं डब्यात घरची हळकुंडं बांधून दिली होती. सहज एक दुसऱ्या चिमट्यात धरलं. पहिला रिकामा होता. आकडा आला दहा. मग पहिल्यात ओलं फडकं धरलं. दुसऱ्याला हातही लावला नव्हता, आणि तिथं आकडा अठरा!

चिपच्या आत वीज साठवणारा एक बारीक कपॅसिटर असतो. मोजताना तो चिमट्याच्या व्होल्टेजला यावा लागतो, मग चिप आकडा सांगते. वाळलेल्या हळकुंडातून वीज इतकी हळू येते की तो तिथवर पोचायच्या आतच चिप सांगून मोकळी. मग आत शिल्लक राहतं ते आधीच्या चिमट्याचं. ताकाचा पेला न विसळता पाणी ओतलं, आणि म्हणे पाणीच आंबट! बापूंचा कान बरोबर होता. पेला मी विसळला नव्हता.

बफर लावला, चिपला थांबायला जास्त वेळ दिला, आकडे जागेवर आले. दिवाळीला घरी गेले तेव्हा स्वयंपाकघरात बापूंना सगळं सांगितलं. रडले. त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला.

"खळ्यावर बोलली होतीस नं," ते म्हणाले. "मंग आता घरात काहून सांगून राहिली?"

पुढच्या चैत्रात मी त्याच काकांच्या खळ्यावर गेले. बापूंना मुद्दाम सोबत घेतलं. माणसं तीच होती. मी मोठ्यानं सांगितलं, गेल्या वर्षी हळद वाळलेलीच होती, मशीन चुकलं, मी चुकले, बापू बरोबर होते. वाटलं, आता कोणीतरी बापूंकडं वळेल.

"आता दुरुस्त केलं न्हवं?" काका म्हणाले. "मंग झालं तर. चुका काय, माणसाच्या हातूनच व्हतात. लाव माय, लाव तुझा चिमटा."

बापू तोवर ढिगात हात घालून बसले होते. तळातलं एक हळकुंड त्यांनी काढलं होतं, कानापर्यंत नेलंही होतं. सगळे माझ्या मशीनकडं बघत होते. आकडा आला दहा.

"वाळली," मी म्हटलं. आकडा या वेळी अगदी बरोबर होता. बापूंनी हातातलं हळकुंड न मोडता परत ढिगात ठेवलं, धोतराला हात पुसले आणि घराकडं चालू लागले.