चोळलं कुणी?

भोरच्या एका दवाखान्यात मी एक्स-रे काढतो. दिवसभर लोकांची हाडं बघतो, त्यामुळे दुखण्यातलं आपल्याला कळतं, असा माझा फार दिवस गैरसमज होता.

भातलावणी आटोपली त्या आठवड्यात आमच्या गावी, हिर्डोशीच्या घरी म्हशीनं बायकोच्या पायावर, घोट्याच्या जरा वर, लाथ घातली. हाड शाबूत होतं. फोटो मीच काढला. शेजारची म्हातारी गावातले मुरगळलेले हातपाय बांधून देते. तिनं पाय नुसता चाचपला आणि मला बजावलं, "चोळू नगंस, बाबा. बांधून ठिव, पडून ऱ्हाऊ दे तिला."

मी हसण्यावारी नेलं. शिकलेला माणूस ना मी. रोज सकाळी पहिल्या एसटीला निघायच्या आधी तेल गरम करून ती सूज अंगठ्यानं रगडायचो. बायको उशीत तोंड खुपसून रडायची. सोस, म्हणायचो, साकळलेलं रक्त मोकळं होतंय.

दीड महिन्यात पोटरीचा खालचा भाग दगडासारखा झाला. पाऊल वर वळेना, उकिडवं बसता येईना, बांधावरून ती आडवी पावलं टाकत उतरू लागली. पुन्हा फोटो काढला. नडगीच्या मागं, मांसात, पांढरा पट्टा. मशीन बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या बाजूनं काढला. पट्टा तिथंही होता.

डॉक्टरांनी समजावलं, की मार लागलेला स्नायू रगडत राहिलं तर त्यात हाड तयार होऊ शकतं. ते विरेल की नाही, आज सांगता येत नाही. असं क्वचित बघायला मिळतं म्हणून त्यांनी सविस्तर नोंद करायला घेतली आणि टाइप करायला मलाच बसवलं. मग तिला विचारलं, चोळलं कुणी?

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "गावातल्या म्हातारीनं."

मी ते टाइप केलं. एका अक्षराची चूक न करता. खाली डॉक्टरांनी सांगितलं तेही घातलं, गावठी मालिशमुळे झालेली इजा. लाज वाटली, पण त्याआधी हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला अजून सहन होत नाही.

परतताना एसटीत ती म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर तुमची नोकरी गेली असती का?"

"न्हाई."

"मग उद्या जाऊन ते खोडा. मी भिऊन बोलून गेले. ती म्हातारी रोज माझा पाय बघाया येती."

ती नोंद दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात. रोज मी त्याच संगणकासमोर बसतो. म्हातारी अजून येते, पायावरून हात फिरवते आणि मला विचारते, तुमच्या डाक्टरनं काय लिवलंय. मी सांगतो, काही नाही. बायको ऐकते आणि आत निघून जाते.