शेठचा मान आणि मागचं चाक

खालापूरचा तो मिस्त्री गिऱ्हाइकाशी कमी आणि गाडीशी जास्त बोलायचा. आमच्या गिरणीवाल्या शेठच्या गाडीचं मागचं चाक घासायला लागलं, तेव्हा शेठनी मला, म्हणजे ड्रायव्हरला, बजावलं, "आवाज थांबला नाय तर उद्यापासनं येऊ नको रं!"

शेठ मागे बसले की पुढची चाकं माथेरान बघायची. मिस्त्रीनं त्यांना उतरवून मला गाडीची चक्कर मारायला लावली: आवाज गायब. बसवून मारली: घास्स घास्स. हे वजनाचं शेठना सांगणार कोण?

मिस्त्रीनं मडगार्डवर थाप मारली. "काय गं, एवढ्या मोठ्या माणसाचा मान पेलत नाय तुला? शेठ, तुमी फुडं बसा."

शेठ फुलले आणि पुढे बसले. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, नवे घातले तरी शेठ पुढून हलेनात. माझी नोकरी वाचली, पण कर्जतपर्यंत प्रत्येक वळणावर शेठ माझ्या अंगावर यायचे, आणि दाराला घासायचो तो मी!