कमळाच्या पानावरचं पत्र

संग्रहालयातल्या एका जुन्या चित्रात नायिका कमळाच्या पानावर नखानं पत्र लिहीत होती. ते पोचवायला शेजारी सखी बसलेली. जुन्या प्रेमकथांत अशी सखी असतेच; लाजऱ्या मुलींची सोय त्या कवींनी करून ठेवली होती. हल्लीच्या कथांत मुलीनं स्वतःच बोलायचं असतं. मी ते प्रेमाचं वाक्य मनात इंग्रजीत म्हणून पाहते तेव्हा सिनेमातलं वाटतं, मराठीत म्हटलं की नाटकातलं.

उद्या कायमचा बंगळूरला जाणारा निखिल माझ्या शेजारीच उभा होता.

"एवढं काय लिहीत असेल गं ती?"

मला शब्दन् शब्द माहीत होता.

"काय की," मी म्हटलं.

"पान सुकायच्या आत आटप म्हणावं तिला," तो हसला.

मीही हसले, आणि आम्ही पुढच्या चित्राकडे वळलो.