माझ्यासारखाच खुबा

खुब्याचा सांधा बदलल्यावर काही वर्षं मी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत नुसती मिरवत होते. कोणाच्या आईचं, कोणाच्या सासूचं ऑपरेशन ठरत असलं की तिला माझ्याकडे आणायचे. मी पदर खोचून हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखवायचे, वर एक फेरी फुकट. "बघा, काठी दिसते का कुठे?" निवृत्त बाईला कोणीतरी काही विचारतंय याचं सुख फार असतं, मला ते जरा जास्तच चढलं.

दुसऱ्या मजल्यावरची माझी मैत्रीण मात्र घाबरायची. लंगडेन, पण कापून घेणार नाही, म्हणायची. मी हात धुऊन तिच्या मागे लागले. तिच्या मुलाला झापलं, ठाण्याला माझ्या डॉक्टरांकडे तिला मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी टेबलावर नमुने मांडले. मांडीच्या हाडात बसवायची दांडी वेगळी, तिच्या मानेवर बसणारा गोळा वेगळा. एक गोळा धातूचा, माझ्यात आहे तसा. दुसरा सिरॅमिकचा, आणि हिला तो बरा, असं ते सांगत होते. मी मध्येच म्हटलं, "चिनी मातीचं काय हो, पडली-बिडली तर फुटेल. माझ्यासारखाच बसवा हिला." मिक्सर घेताना सांगावं तसं सांगितलं. दोन्ही चालतात, म्हणाले डॉक्टर. मैत्रिणीने माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि तिलाही माझ्यासारखाच बसला.

यंदा माझी जांघ दुखायला लागली. आधी मी चपला बदलल्या. मग डॉक्टरांनी फोटो काढले, रक्त तपासलं, तर रक्तात धातू उतरलेला. गोळा आणि दांडी जिथे एकमेकांत बसतात तिथे पावलागणिक बारीक हालचाल होते, म्हणाले. घासून घासून तो जोड गंजला होता, आजूबाजूचं मांस खराब होत होतं. असंच चाललं तर दांडीची मान झिजून तुटूही शकते. पुन्हा ऑपरेशन.

"अंगाच्या आत कसं गंजेल?" मी विचारलं.

"आत पाणीच आहे की, आणि मीठसुद्धा." मग त्यांना आठवलं. "तुमच्या मैत्रिणीलाही हाच आहे ना? बहुतेकांना काही होत नाही. पण त्यांना एकदा तपासून जायला सांगा."

सांगते, म्हटलं. आणि सांगितलं नाही. जिन्यातच ती भेटली, काय म्हणाले विचारलं, तर "वय झालं म्हणाले" असं सांगून मोकळी झाले. मग रोजचं उद्यावर. तिला कुठे दुखतंय, उगाच घाबरेल, अशी मनाची समजूत घालत होते. खरं म्हणजे मला तिची काळजी नव्हती, माझी लाज वाटत होती. सगळ्यांना अक्कल शिकवणारी मी, माझ्या तोंडून हे कसं काढायचं? स्वतःची किळस यायची, तरी तोंड उघडत नव्हतं.

रविवारी ती खडवलीहून आलेल्या थोरल्या बहिणीला घेऊन आली. तिचंही ऑपरेशन त्याच डॉक्टरांकडे ठरत होतं.

"ताई, हिच्यामुळे मी चालते बघ. अगं, जरा चालून दाखव ना हिला."

आणि मी उठले! स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, तिथे अशी कळ आली की चौकट धरली. "छान चालता हो," ताई म्हणाल्या. ते मात्र मला ऐकवेना. तिथेच उभी राहून सगळं सांगून टाकलं, गंज, रक्त, डॉक्टरांचा निरोप. ताईंना म्हटलं, ऑपरेशन जरूर करा, पण सांधा कोणता ते डॉक्टरांना ठरवू द्या, माझ्यासारख्या बाईला नको.

मैत्रिणीने गंजाबद्दल काहीच विचारलं नाही.

"तुला कधी कळलं?"

"झाले पंधरा दिवस."

"म्हणजे परवा कल्याणच्या मार्केटमध्ये तू म्हणालीस खांदा दुखतोय, आणि मी तुझी कांदे-बटाट्याची पिशवीपण उचलून आणलेली, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.